रडणाऱ्या इंजिनाचे निदान

ज्येष्ठातील दुपारी कृष्णा अर्धवट झोपेत असल्यासारखी वाहते. काठावरच्या करंजाच्या सावलीत गुंडाआबा डोळे मिटून बसलेले दिसत. पण ते झोपलेले नसत, ऐकत असत. चोवीस वर्षे सैन्यात होड्यांची इंजिने ऐकता ऐकता त्यांच्या कानाला जणू एक सिद्धी लाभली होती. निवृत्तीनंतर गावच्या पूरहोडीचे, आणि तिच्या पाठीला टांगलेल्या पंचवीस वर्षांच्या इंजिनाचे, पालकत्व आपसूक त्यांच्याकडे आले.

त्या वर्षी ते इंजिन रडू लागले. गिअर न टाकता चालवले तर शांत. गिअर टाकताच पाण्याखालून एक बारीक, लांबलेला विलाप. दोष वरच्या यंत्रात नव्हता. तळाशी, पात्याला फिरवणाऱ्या गिअरच्या पेटीत होता.

पुराचे दिवस जवळ येत होते. धरणाचे पाणी सुटले की गावचा रस्ता बुडे, आणि सत्तरीच्या अंबूबाईंना तर आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी मिरजेस जावेच लागे. एक खेप चुकली तर काय, हे कोणी मुखाने बोलत नसे.

तरुण सरपंच शंभूराज म्हणाले, "आबा, गिअरचं दात गेल्यात. भंगारात घालू. नव्याचा अर्ज टाकलाय वर."

"कवा येणार नवं?"

"दिवाळीपतूर."

"तवर अंबूकाकीला पाठीवर घेऊन पव्हतोस व्हय रं? आदी नाडी तर बघू दे, मग तिरडी बांध."

आबांनी इंजिन उभे टांगले, खाली परात ठेवली आणि पेटीचा तळचा स्क्रू सोडला. प्रथम चमचाभर पाणी आले. मागाहून तेल, पण दूध घातलेल्या चहासारखे. पाणी आत शिरले होते, हे निश्चित. आता प्रश्न एवढाच, की दात शाबूत की भग्न? भग्न असतील तर या इंजिनाचे गिअर आता कोठेच मिळत नव्हते. स्क्रूच्या टोकाला असलेले चुंबक त्यांनी तळहातावर पुसले. भस्मासारखा मऊ, करडा लेप. चिमटीत चोळून पाहिला. एकही कण टोचला नाही. मग एका काठीचे टोक पेटीला आणि दुसरे कानाला लावून ते पाते हाताने सावकाश फिरवीत राहिले. कोठे अडखळ नव्हती.

"दात हाईत," ते पुटपुटले. "पानी कुटनं शिरतंय तेवढं घावलं पायजे."

सायकलच्या पंपाने पेटीत थोडी हवा भरून त्यांनी ती पिंपातल्या पाण्यात बुडवली. पात्याच्या मुळाशी बुडबुड्यांची माळ उगवली. पाते उतरवले, तो आसाभोवती हिरव्या धाग्याचे घट्ट वलय! फिरता फिरता त्याने पाणी अडवणारे रबरी सील कातरले होते.

आबांनी तो हिरवा रंग ओळखला. चैत्रात गाव कृष्णामाईला साडी नेसवते. पदराला पदर जोडून, या काठापासून त्या काठापर्यंत. साड्यांची ती रांग पलीकडे नेणारी पूरहोडी आजवर वल्ह्यांनीच चालवली जाई. यंदा ऊन फार, म्हणून आबांनी इंजिन सुरू केले होते. आणि त्या रांगेतली हिरवी साडी अंबूबाईंची. आपल्या दुखण्याला उतार पडावा म्हणून नवसाने दिलेली.

सांगलीहून नवे सील आले. बसवून पुन्हा हवा भरली. पिंपातले पाणी निश्चल राहिले. नवे तेल पडले. इतक्यात अंबूबाई काठी टेकत आल्या.

"काय झालतं रं गुंडा?"

धागा त्यांनी मुठीत झाकला. "काय न्हाई काकी. माझाच आळस गुतला हुता त्यात."

श्रावणात पाणी चढले, रस्ता दिसेनासा झाला. उसाच्या शेतांवर पसरलेल्या संथ पाण्यातून होडी पलीकडच्या उंच सडकेकडे निघाली. तिथे मिरजेला नेणारी गाडी उभी होती. मध्यावर अंबूबाईंनी पिशवीतून खण काढला, कपाळाला लावला आणि नदीला वाहायला हात होडीबाहेर नेला.

"आवं काकी, थांबा!"

आबांनी इंजिन बंद केले. वल्ही हाती घेतली.

"हं, आता सोडा."

खण तरंगत, हळूहळू उलगडत दूर गेला. तो दिसेनासा होईपर्यंत आबा वल्हवत राहिले. मग त्यांनी इंजिन चालू करून गिअर टाकला आणि डोळे मिटून कान दिला. पाण्याखालून विलाप आला नाही. होडी सडकेच्या दिशेने वळली.