बाबांचा हात आणि खास फोल्डर

आमची ताई घरातली हुशार, हे लहानपणापासून तिनंच आम्हाला सांगितलंय. बाबा चष्म्याच्या कारखान्यात भिंगं घासायचे आणि तिथला प्रोग्राम ताईनं लिहिलेला. चष्म्याचा नंबर टाकला की काच कुठे किती घासायची ते पडद्यावर येई. त्याप्रमाणे मशीन लावून शेवटचा हात बाबा स्वतः फिरवत.

एकदा आकडेमोडीत चूक निघाली. ही आकडेमोड एका वेगळ्या लायब्ररीत, म्हणजे प्रोग्राम लागेल तेव्हा वापरतो अशा फाइलमध्ये होती. ताईनं ती दुरुस्त करून कारखान्यातल्या जुन्या आणि नव्या अशा दोन्ही कॉम्प्युटरवर टाकली, जुन्यावर तपासली आणि मोकळी झाली. तरी चुकीच्या नंबरची म्हणून भिंगं परत येत राहिली, तीही फक्त बाबांच्या टेबलावरची. तिथे नवा कॉम्प्युटर होता. पण प्रोग्राम तोच, लायब्ररी तीच, मग राहिलं कोण? मालकांसमोरच ताई म्हणाली, "बाबा, हल्ली तुमचा हात थरथरतो का हो?"

दुसऱ्या दिवशी बाबांना डब्यांत भिंगं भरायला बसवलं. घरी ते चहाचा कप दोन्ही हातांनी धरू लागले. नातीला उचलून घेणंही त्यांनी सोडलं. "उगाच पडायची हातातून," म्हणायचे. मी ताईवर खेकसले तर ती म्हणाली, "तू भावना मध्ये आणू नकोस."

मग बाबांच्या जागी बसलेल्या तरण्याताठ्या कारागिराचीही भिंगं परत आली, तेव्हा ताईसाहेबांचं तोंड एवढंसं झालं. तिनं नव्या कॉम्प्युटरवर लिंकरला बोलतं केलं, म्हणजे तो काय कुठून उचलतो ते पडद्यावर दाखवायला लावलं. प्रोग्राम सुरू होताना त्याला हव्या त्या लायब्ररी शोधून जोडून देणारा तो लिंकर. तो आधी कॉम्प्युटरचा मेंदू, म्हणजे प्रोसेसर बघतो. प्रोसेसर नवा, ताकदीचा असेल तर त्याच्यासाठीच्या खास फोल्डरमधली वेगवान लायब्ररी उचलतो. तिथे नसली तरच साध्या फोल्डरकडे वळतो. ताईनं दुरुस्त लायब्ररी टाकली होती साध्या फोल्डरमध्ये. खास फोल्डरमध्ये त्याच नावाची जुनी, चुकीची लायब्ररी तशीच बसली होती. काम भराभर व्हावं म्हणून ती तिथे ठेवली होती ताईनंच, आणि साफ विसरली होती. जुन्या कॉम्प्युटरला तो खास फोल्डर झेपतच नव्हता, म्हणून तिथे सगळं बरोबर दिसलं.

ताईनं सगळ्या कारागिरांसमोर चूक कबूल केली. घरी येऊन ती बाबांच्या पायाशी बसली. इतकी शरमलेली मी तिला कधी पाहिली नव्हती, आणि खरं सांगते, मला जरासुद्धा बरं वाटलं नाही.

"बाबा, तुमचा हात ठणठणीत होता. चुकले मी. उद्यापासून तुमचं टेबल परत तुमचं."

बाबांनी हात समोर धरला. उलटसुलट करून पाहिला.

"नाही ना गं थरथरत?"

"नाही हो बाबा. कधीच नव्हता थरथरत."

ते हसले. मी चहा आणला. बाबांनी कप एका हातानं उचलला, आणि अर्ध्या वाटेत दुसरा हात आपसूक त्याच्याखाली आला.