आबांचं खाकरणं

सोमवार, तेवीस मार्च. दवाखान्याची अनामत रक्कम साठ हजार रुपये. हजर मी, माझी बायको, माझी धाकटी बहीण आणि चाकाच्या खाटेवर आडवी आई. पावती घडी करून मी खिशात ठेवली, तेव्हा आईनं विचारलं, "किती भरले?"

मी आकडा सांगितला.

"एवढ्यात म्हैस येती," ती म्हणाली आणि डोळे मिटून घेतले.

झालं होतं ते एवढंच. पुंडलिकनगरच्या आमच्या घराच्या गच्चीवर वर्षाच्या गव्हाला ऊन दाखवायला चादरी अंथरल्या होत्या. आई सावलीत बसून राखण करत होती. कबुतरं उतरली, ती हाकलायला उठली आणि चादरीबाहेर सांडलेल्या गव्हावरून तिचा पाय सरकला. वय अठ्ठ्याहत्तर. उजवा खुबा.

डॉक्टर तरुण होते, पण समजावून सांगायला कंटाळत नव्हते. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा तुटून वेगळा झालेला. या वयात तो पुन्हा जुळून येण्याचा भरवसा नाही, म्हणून तो काढून धातूचा बसवायचा. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी दोन नर्सनी दोन्हीकडून धरून आईला उभंही केलं. ती उभी राहिली, कारण तिला काही विचारलंच नव्हतं.

घरी पाठवताना डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "खाली बसायचं नाही, मांडी घालायची नाही, वाकायचं नाही. पण रोज उठायचं आणि चालायचं. पडून राहिल्या तर छातीत कफ भरतो, पाठीला, टाचांना जखमा होतात, पायातली ताकद जाते. मग माणूस परत उठत नाही. हे पहिले काही आठवडेच कामाचे आहेत. ऑपरेशन माझं होतं, ते झालं. आता तुमचं."

मी एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये मालाचा हिशोब पाहतो. काय आलं, काय गेलं, काय शिल्लक, हे मला जमतं. माणसाला खाटेवरून उठवायचं कसं, हे मला येत नव्हतं.

आई उठेना. वॉकर खाटेशेजारी उभा, आणि ती त्याच्याकडे पाठ करून. फिजिओथेरपीसाठी रोज सकाळी एक मुलगी यायची. किराडपुऱ्याची, पंचविशीची, स्कूटीवर. सगळ्या पेशंटना ती अम्मा म्हणायची.

"अम्मा, बस दो मिनट खडे रहो. मैं पकडी हूँ ना."

"पोरी, तू चहा घे," आई म्हणायची.

"चहा बाद में. पहले खडे."

"पहिलं चहा. थंड व्हतो."

झोपल्या झोपल्या पाय हलवण्याचे व्यायाम ती मुकाट्यानं करायची. पण उभं राहायची गोष्ट काढली की खुब्यात कळ यायची, नाहीतर चक्कर यायची, नाहीतर कुणीतरी भेटायला यायचं.

भेटायला येणारे तर रांगेनं येत होते. गल्लीतले, वैजापूरकडचे, बहिणीच्या सासरचे. हातात केळी आणि बिस्किटांचे पुडे. प्रत्येक जण खाटेजवळ बसून तेच सांगायचा, "मावशी, अजाबात हलायचं नाय हां. पडून राहायचं." आई माझ्याकडे बघायची. ऐकलंस का, असं.

एकदा मी जरा चिडूनच म्हणालो, "त्यांना काय कळतंय? डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंस ना?"

"माझ्या सासूबाईचं असंच हाड मोडलं व्हतं," ती म्हणाली. "बांबूच्या कामट्या बांधल्या, तीन महिने निजवून ठिवलं."

"मग? उठल्या का?"

"नाय. पर कुणी त्यांना छळलं नाय."

त्याच संध्याकाळी मी पाणी द्यायला गेलो तर तिनं माझं मनगट धरलं आणि हळूच विचारलं, "ते आत बसवलेलं लोखंड निसटलं तर?" तेव्हा मला कळलं की कळ नव्हती, चक्कर नव्हती. भीती होती. निसटणार नाही, असं मी दहा वेळा सांगितलं. तिनं दहाही वेळा मान डोलावली आणि उठली नाही.

एप्रिलचा पहिला आठवडा गेला. तिला खोकला सुरू झाला. फिजिओवाल्या मुलीनं तिच्या टाचा पाहिल्या आणि बाहेर येऊन माझ्या बायकोला म्हणाली, "भाभी, टाच लाल हो रही. अब नहीं उठे तो मुश्किल है." त्या रात्री आम्हा दोघांनाही जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला आबा आले. आबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. वय चौऱ्याऐंशी, वैजापूरजवळच्या गावी राहतात. कांदा काढणीला आल्यामुळे त्यांना इतके दिवस जमलं नव्हतं. दारात चपला काढल्याचा आवाज आला आणि मग त्यांचं खाकरणं.

इथं एक सांगायला हवं. आमच्या घराण्यात थोरल्या दिरासमोर भावजय खाटेवर बसत नाही. डोक्यावरून पदर घेते, नमस्कार करते आणि आत जाते. दोघं एकमेकांशी थेट बोलत नाहीत. काय सांगायचं ते तिसऱ्या माणसाला सांगायचं. म्हणूनच आबा कुठल्याही घरात शिरण्याआधी दारात खाकरतात. आतल्या बाईला सावरायला वेळ मिळावा म्हणून. माझे वडील जाऊन नऊ वर्षं झाली, पण आबांच्या आणि आईच्या या रीतीत काही फरक पडलेला नाही.

फिजिओवाली मुलगी आपली पिशवी आवरत होती. खाकरणं ऐकलं आणि आईचा हात आधी पदराकडे गेला. मग कोपर टेकून ती उठून बसली. मग पाय खाली.

"पोरी, ते लोखंडी दे इकडं. लवकर."

मुलीनं वॉकर पुढे केला. आई उभी राहिली. मी आणि बायको दारातच थिजलो. आबा आत आले, तोवर आईचा पदर घसरला. ती एक हात सोडून तो सावरायला गेली, आणि पदर सावरल्यावर नमस्काराला खाली वाकायला लागली.

"झुको मत, अम्मा," म्हणत मुलीनं तिला कमरेला धरलं.

आबा दोन पावलं मागं सरले. माझ्याकडे बघून म्हणाले, "तिला सांग, नमस्कार पोचला. वाकू नको म्हणावं."

आई मला म्हणाली, "त्यांला सांग, बसा म्हणावं. पाणी आणते."

आबा खुर्चीवर बसले. ते बसलेले असताना तिला खाटेवर बसता येईना, तिथं उभंही राहता येईना. तिनं वॉकर वळवला आणि ती निघाली. मुलगी एका बाजूनं, बायको दुसऱ्या बाजूनं. थांबत थांबत ती स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला धरून उभी राहिली. आबा गेले तरच ती परत खाटेवर येणार होती, आणि आबा तर आत्ताच कुठं खुर्चीत बसले होते.

मुलगी बाहेर आली. चेहरा लाल झालेला. मला म्हणाली, "भैया, ये काका कल भी आएंगे क्या?"

मी आबांना गच्चीवर नेऊन सगळं सांगितलं. ते आधी वैतागले. "म्या काय डॉक्टर हाय? तिकडं कांदा पडलाय."

"कांद्याला पोरं आहेत, आबा. इथं तुम्हीच लागता."

त्यांनी थोडा विचार केला. "खाकरायचंच हाय ना फक्त?"

"आणि खुर्चीत बसून राहायचं."

"मग बरं हाय. घरी कुणी बसू देत नाय."

ते राहिले. मुलीनं वेळा ठरवून दिल्या. सकाळी ती असताना, दुपारच्या चहाला आणि संध्याकाळी. आबा बाहेर चक्कर मारून यायचे, दारात खाकरायचे, आई उठायची. बायकोनं पदराला केसांशी टाचणी लावून दिली, म्हणजे दोन्ही हात वॉकरला राहतील. नमस्कार उभ्यानंच ठरला. पुढं पुढं आबांचा उत्साह वाढला. वर्तमानपत्र आलं की खाकरायचे, भाजीवाला आला की खाकरायचे. गल्लीतल्या एकानं मला विचारलंही, की म्हाताऱ्यांना दाखवलं का कुठं.

एका दुपारी आई स्वयंपाकघरात ओट्याला टेकून कोथिंबीर निवडत होती. मला म्हणाली, "भाऊजींला सांग, इतकं खाकरू नका. घसा फुटंल."

मी कोथिंबिरीच्या काड्या गोळा करायला लागलो.

"मला काय कळत नाय व्हय? त्या पोरीनं शिकवलंय. पहिल्या दोन दिवसांतच कळलं मला."

"मग उठतेस कशाला?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी काहीतरी अडाण्यासारखं विचारलं होतं. "खरं खाकरले काय नि खोटं खाकरले काय, थोरले हायेत ते. मी काय खाटेवर लोळत बसू त्यांच्याम्होरं?"

तिचा खोकला गेला. टाचांची लाली गेली. डॉक्टरांकडे तपासणीला नेलं तेव्हा ती वॉकर घेऊन स्वतः आत गेली आणि जाऊन खुर्चीत बसली. डॉक्टर नंतर आले. ती बसूनच राहिली.

"माझ्यासाठी नाही उठलात, आजी," ते हसून म्हणाले.

"तू ल्हान हायेस," आई म्हणाली.

एक्स-रे चांगला होता. वॉकर सोडून काठी घ्यायला परवानगी मिळाली.

आता हिशोब. दवाखान्याला, अनामत धरून, एक लाख चौसष्ट हजार. फिजिओथेरपीच्या मुलीला ठरल्याप्रमाणे नऊ हजार आणि बायकोकडून एक साडी, जी तिनं आधी नाही म्हणून मग घेतली. आबांना येण्याजाण्याचं काही द्यावं लागलं नाही, पंच्याहत्तरीच्या पुढं एसटी फुकट आहे. पण त्यांचा घसा खरोखरच बसला होता. निघायच्या आदल्या दिवशी त्यांच्या तोंडून आवाजच फुटेना.

आईनं कमरेचा बटवा काढला, काठी घेतली आणि मला म्हणाली, "चल." मी म्हणालो, मी आणतो. ती ऐकेना. गल्लीच्या कोपऱ्यावर मेडिकल आहे. ती मधे एकदा थांबली, एका घराच्या फाटकाला धरून, आणि पुन्हा चालू लागली.

खोकल्याच्या औषधाची एक बाटली, पंच्याण्णव रुपये. दिले मेडिकलवाल्याला, आईनं, स्वतः मोजून.