राखलेली जागा

कापसाची ती वाईट वर्षं होती. बडनेऱ्याहून निघालेल्या पॅसेंजरमध्ये शेगावला फुलं विकायला चाललेली एक बाई आणि तिचा नवरा माझ्यासमोर बसले होते. ती टोपलीतला झेंडू निवडत होती.

"यंदा कसं काय?" मी विचारलं.

"कापूस बुडाला, भाऊ."

नवरा चमकला. "पानी कुठं पडलं?"

मला हसू आलं. ती मात्र हसली नाही. हातातलं फूल खाली ठेवून, त्याच्याकडे वळून सावकाश म्हणाली, "पानी नाई पडलं. कापूस वाळला. हाती काईच नाई आलं."

त्यानं मान डोलावली.

"लकवा मारला तवापासून असं होऊन राहिलं," ती मला म्हणाली. "डॉक्टर म्हनते, शब्दामागचा अर्थ मेंदूत जितं लागते, तितंच मार बसला. आता याहिले सांगाच्या आंधी मलेच समजून घ्या लागते, काय झालं ते."

त्याच्याशी बोलताना दर वेळी तिचा हात फुलांवर असाच थांबायचा. मी तेच पाहत राहिलो.

अकोल्याला उतरताना सवयीनं म्हणालो, "येतो."

गाडी हलली. खिडकीतून दिसलं, माझ्या जागेवर हात पसरून तो चढणाऱ्यांना सांगत होता, "भाऊ येऊन राहिले."