दुसऱ्या बर्थचे उमेदवार

माझ्या मामांनी अख्खा आशिया खंड रेल्वेने आडवा पार करायचं ठरवलं, ही बातमी शाहपुरात फुटली त्या दिवशी तापी घटकाभर वाहायची थांबली होती. कुणी म्हणेल, उन्हाळा होता, पाणीच नव्हतं. म्हणोत. मी तिथे होतो.

मामा केळीचे बागायतदार, शिवाय रायपनिंग चेंबरचे मालक. चेंबर म्हणजे जाड भिंतींची बंद खोली. कच्ची केळी क्रेटमध्ये रचून आत ठेवायची, मशीन गार वारा सोडतं आणि चार-पाच दिवसांत माल एकसारखा पिवळा होऊन निघतो. मामांचा आवाज असा, की ते शाहपुरात खोकले तर बहादरपुरात लोक मफलर शोधतात. आणि उभ्या आयुष्यातला त्यांचा सगळ्यांत लांबचा प्रवास कोणता, तर केळीच्या ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून दिल्ली.

तर मॉस्कोत बसायचं आणि व्लादिवोस्तोकला उतरायचं. एकच गाडी, आठवडाभर, ऐन हिवाळ्यात. मामांनी नकाशा चेंबरसमोरच्या ओट्यावर पसरला आणि उडू नये म्हणून चारी कोपऱ्यांवर चार हिरवी केळी ठेवली. डब्यातला खण दोन बर्थचा. एक मामांची. दुसरी कुणाची?

मामी चहा घेऊन आल्या होत्या. ट्रे खाली ठेवून त्यांनी बोट गाडीचा मार्ग दाखवणाऱ्या लाल रेघेवर ठेवलं आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश नेलं. "अहो," त्या म्हणाल्या, "मी कधी गाडीत रात्र नाही काढली. नाशिकला गेलो होतो ते पण दिवसा. मी येऊ का?"

"तू चिप्स तळ," मामा म्हणाले. "आठवडाभर पुरल्या पाहिजेत."

आम्ही हसलो. मामींनी बोट उचललं, पण नकाशावरून नजर काही उचलली नाही.

मामांचं म्हणणं होतं, सैबेरियात टिकणारा गडी पाहिजे, आणि गडी टिकतो की नाही हे बघायला आपल्याकडे घरचा सैबेरिया आहे. म्हणजे चेंबर! अडचण एकच. चेंबरची थंडी एका हद्दीखाली नेता येत नाही, केळी काळी पडतात. "जावई काळा पडला तर चालेल," मामा म्हणाले, "माल नाही पडला पाहिजे." मग त्यांनी तोडगा काढला. मशीन खाली जात नसेल तर माणसाला खाली न्यायचं. उमेदवारानं बनियनवर आत बसायचं, खांद्यावर ओला पंचा, पंख्याच्या अगदी समोर. असली अक्कल केळीवाल्यालाच सुचणार.

पहिले जावईबापू. सासऱ्यापुढे नाही कसं म्हणणार बिचारा? आत गेला तेव्हा गोरा होता, बाहेर आला तेव्हा सातव्या दिवशीच्या केळीसारखे डाग अंगावर. दात असे वाजत होते की शेजारच्या शेतातली वानरं ताल धरून पळाली. मामांनी त्याला पाणी विचारायच्या आधी पोरीला फोन लावला, "बेटा, माल कच्चा निघाला."

दुसरे शनवारा मोहल्ल्यातले गुरुजी, मामांचे दोस्त, जन्मभर शाळेत भूगोल शिकवलेले. आत बसून मोठ्यानं सैबेरियातल्या नद्या म्हणायला लागले. येनिसेईपर्यंत आवाज खणखणीत होता, लेनाला चिरकला, पुढे नुसतीच शिंक. बाहेर आणले तेव्हा पंचा पाठीला चिकटलेला. मामा म्हणाले, "गुरुजी, तुम्ही घरीच बरे. नकाशात फिरा." गुरुजी त्यानंतर पुष्कळ दिवस आले नाहीत.

तिसरा मी. माझ्या नाकातून बर्फाची कांडी लोंबत होती, ती मामांनी मोडून मला दाखवली. अजून सांगतो, कुणाचा विश्वास बसत नाही.

मी ओट्यावर गोधडीत थडथडत होतो आणि मामी दार उघडून आत गेल्या. सुती साडी, पायात रबरी चपला. रोज सकाळ-संध्याकाळ त्याच जायच्या. क्रेट खालीवर करायचे, फण्या चाचपायच्या, रंग बघायचा. त्या आत होत्या तोवर आमचे दोन चहा झाले. बाहेर आल्या, पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, "मग? मी पास ना?"

मामांनी एवढे मोठे डोळे केले. "तुझी कसली परीक्षा? तू तर रोजच जातेस."

"म्हणूनच म्हणते."

"अगं, तू तिकडे आलीस तर इकडे चेंबर कोण बघणार? सीधी बात आहे."

मामींनी पदर खोचला. मग गोड आवाजात म्हणाल्या, "बरं. पण सगळ्यांची झाली, तुमची राहिली की. का मोठ्यांना माफ?"

जावई हसला. तो हसला म्हणून मामांना उठावंच लागलं. सदरा काढला, पंचा भिजवला, मिशीला पीळ दिला आणि आत गेले. मामींनी दार ओढलं, बाहेरून कडी घातली आणि माझ्याशेजारी बसून चहा ओतून घेतला.

आधी आतून गाणं आलं. मग शिव्या. मग दारावर थाप. मामींनी बशीत चहा ओतला आणि फुंकर मारली. थापा वाढल्या. "मामी," मी म्हटलं, "उघडायचं का?"

"गरम आहे अजून," त्या म्हणाल्या. चहाबद्दल.

बशी रिकामी झाली तेव्हा त्या उठल्या. मामा दारातून निघाले नाहीत, सांडले. त्यांना दोन गोधड्यांत गुंडाळलं. मिशी मालकाला सोडून खाली लोंबत होती. तेवढ्यात मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसलेला जावई म्हणाला, "पप्पा, इथे लिहिलंय त्या गाडीत हीटर असतात. लोक अर्ध्या बाह्यांच्या शर्टवर बसतात. उलटं उकडतं म्हणे."

मामी पुढे झाल्या. चेहरा असा उजळला होता की मला वाटलं, आता तरी. "म्हणजे थंडीचं काही नाहीच," त्या म्हणाल्या. "मग तर कुणीही जाऊ शकतं."

"तेच तर!" मामांना आवाज फुटला. "परीक्षा कॅन्सल. भाचेबुवा, तुम्ही चला. निदान गप्पा तरी मारता."

मी लगेच हो म्हटलं. खंडभर गप्पा, कोण सोडणार?

मामींनी माझ्याकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं. मग त्यांचं लक्ष उघड्या चेंबरकडे गेलं. इतका वेळ दार सताड होतं, आतला माल तापायला लागला असणार. रिकामी बशी तिथेच ठेवून त्या आत शिरल्या आणि वरचा क्रेट उतरवायला लागल्या.

गोधडीतून मामा ओरडले, "दार लावा रे कुणीतरी, गारवा चाललाय."

मी जवळ होतो. मी लावलं.