सणाचा कॅन

हजेरीत एक माणूस कमी भरत होता.

अंबरनाथ एमआयडीसीतल्या आमच्या केमिकल कंपनीत त्या दिवशी मॉक ड्रिल चालू होतं. मॉक ड्रिल म्हणजे खोटा अपघात. सायरन वाजवायचा, गॅस लीक झाला आहे असं समजायचं. सगळ्यांनी हातातलं काम टाकून वारा जिकडून येतो त्या बाजूच्या मोकळ्या जागेत जमायचं आणि सेफ्टी ऑफिसरने डोकी मोजायची. सेफ्टी ऑफिसर मी. छत्तीस हवे होते, पस्तीस होते.

छत्तिसावा गेटजवळ मोबाइल कानाला लावून उभा होता. दिनेश भोईर, सीनियर ऑपरेटर. सुरक्षा सप्ताहातल्या प्रश्नमंजूषेत दोनदा पहिला आलेला. माझा आवाज मुळात मोठा, त्यात ड्रिलच्या दिवशी मी कोणाच्या बापाचं ऐकत नसे.

"ड्रिलमध्ये फोन? खरा गॅस असता तर एव्हाना आडवा झाला असतास!"

"साहेब, घरचा फोन हाय," तो म्हणाला. "वैशाली बाथरूममध्ये पडली. शेजारीण बोलते, तिला श्वास घेता येत नाय. नुसती खोकतेय."

"काय करत होती?"

"परवा गौरी येणार ना साहेब. बाथरूम घासत होती."

पुढचं विचारायची गरज नव्हती, तरी विचारलं. "कशानं?"

"आपलंच ॲसिड. सणाचा कॅन."

सणाचा कॅन म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्याकडे हायड्रोक्लोरिक ॲसिड टँकरने येई. गणपतीच्या आणि दिवाळीच्या आधी ज्याला हवं त्याने पाच लिटरचा रिकामा कॅन आणायचा, त्यात पाणी घातलेलं ॲसिड भरून घ्यायचं आणि बाथरूम घासायला घरी न्यायचं. मी रुजू झालो तेव्हापासून हे चालत होतं. मिठाईच्या बॉक्सइतकीच सगळे त्याची वाट बघत. वस्तू गेटबाहेर न्यायची तर गेट पास लागतो, म्हणजे सहीची चिठ्ठी. केमिकल असल्यामुळे त्यावर सही माझी.

आधी या कॅनवर लेबल असे. मग नवे प्लांट हेड आले. ते मला म्हणाले, "देसाई, कॅन द्यायला माझी हरकत नाही. पण कंपनीचं लेबल नको. बाहेर काही झालं तर आपल्या गळ्यात येईल."

प्लांटमध्ये लेबल नसलेली बाटली दिसली तर मी शिफ्ट इनचार्जला सगळ्यांसमोर झाडत असे. आणि गेटवर मी स्वतः उभं राहून लेबलं काढून घेतली. त्या गणपतीला सव्वीस गेट पासांवर सह्या केल्या. त्यातली एक दिनेशच्या पासावर.

मी त्याला माझ्या गाडीत बसवलं. वाटेत पुन्हा शेजारणीचा फोन आला. शेजाऱ्यांनी वैशालीला रिक्षाने बदलापुरातल्या नर्सिंग होममध्ये नेलं होतं. तिथे ऑक्सिजन लावून ॲम्ब्युलन्सने उल्हासनगरच्या मोठ्या हॉस्पिटलला पाठवत होते. आम्ही थेट उल्हासनगरकडे वळलो.

"नुसत्या ॲसिडनं एवढं होत नाही," मी म्हणालो. "आणखी काय होतं बाथरूममध्ये?"

तो आठवत राहिला. मग म्हणाला, "ब्लीचिंग पावडर. सोसायटीनं दिलेली, पावसाळ्यात गटारात टाकायला. उरलेली सकाळी तिनं फरशीवर मारली होती. डाग निघतात बोलली."

ब्लीचिंग पावडरवर ॲसिड पडलं की क्लोरीन सुटतो. हिरवट पिवळा, जड गॅस. तो फुप्फुसाच्या ओलाव्यात मिसळतो आणि आतून जाळतो. हे मी दर महिन्याच्या ट्रेनिंगमध्ये फळ्यावर लिहीत असे, लाल खडूने.

"ॲसिड आणि ब्लीचिंग कधी एकत्र नाय," दिनेश समोर बघत म्हणाला. प्रश्नमंजूषेत उत्तर द्यावं तसा.

"घरी सांगितलं होतंस कधी?"

"घरी कोण सांगतं साहेब? कंपनीचं कंपनीत."

मला राग आला. त्याचा नाही. मी तरी घरी कुठे काय सांगितलं होतं?

हॉस्पिटलमध्ये एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या, तिथल्याच सिंधी वस्तीतल्या. शेजारणीने हुशारीने कॅन पिशवीत घालून आणला होता. बाईंनी तो वर धरला.

"अंकल, इसपे कुछ लिखा ही नहीं है. काय होतं यात? मला कसं कळणार?"

मी सांगितलं. ॲसिड कोणतं, साधारण किती पाणी घातलेलं, ब्लीचिंग पावडरशी काय झालं असणार, सगळं. त्यांनी भराभर लिहून घेतलं आणि विचारलं, "तुम्हाला इतकं कसं माहिती?"

"माझ्याच सहीनं बाहेर आलंय," मी म्हणालो. दिनेश शेजारीच उभा होता. त्याने ऐकलं की नाही, मला कळलं नाही.

तेवढ्यात प्लांट हेडचा फोन आला. आधी तब्येतीची चौकशी. मग म्हणाले, "देसाई, बाजारात मिळतं तसलंच ॲसिड आहे ते. कॅन आपला आहे असं बोलायची काही गरज नाही."

"बोलून झालंय, सर."

त्यांनी फोन ठेवला.

दिनेशची आई कॉरिडॉरमधल्या बाकावर पदर तोंडाला लावून बसली होती. तिला जुना दमा. ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "मना वास नको यायला म्हणून दार लावला तिनं. माज्यापायी लावला." एक्झॉस्ट फॅनच्या भोकातून कबुतरं येत, म्हणून तिथे पुठ्ठा ठोकलेला. खिडकी सणाच्या सामानामागे गेलेली. सासूला ठसका लागू नये म्हणून त्या मुलीने दार आतून घट्ट ओढून घेतलं आणि खाली बसून फरशी घासत राहिली. क्लोरीन जड, तो खालीच साठतो. ती बरोबर त्यात बसली होती.

संध्याकाळी वैशालीला बरं वाटलं. मास्क थोडा बाजूला करून बोलली. पस्तिशीची असेल, चेहरा हसरा. मला बघून डोक्यावर ओढणी घ्यायला लागली.

"वहिनी, राहू द्या. बोलू नका."

"यांना ओरडू नका साहेब," ती म्हणाली. "आणि टाइल्स निघाल्या की नाय? दोन वर्षं झाली, तो पांढरा थर जाईना. पाहुणे येतात, लाज वाटते."

"निघाल्या असतील."

"मग ठीक हाय." ती हसली, हसताना खोकला आला आणि नर्सने मला बाहेर काढलं.

त्या हसण्यावर मी विश्वास ठेवला. सेफ्टीची एवढी वर्षं, तरी ठेवला. क्लोरीनने जळलेलं फुप्फुस आधी बरं वाटल्याचं दाखवतं आणि काही तासांनी त्यात पाणी भरतं, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. डॉक्टरीणबाईंनाही ठाऊक होतं. त्यांनी तिला आयसीयूतून हलवलं नव्हतं. पण मी दिनेशला म्हणालो, "बघ, बोलायला लागली. होईल ठीक." हे बोलायचा मला काहीएक अधिकार नव्हता.

पहाटे तिला व्हेंटिलेटर लावला. दुसरा दिवस तसाच गेला. तिसऱ्या दिवशी, घरोघर गौरी आणत होते त्या सकाळी, वैशाली गेली.

मी घरी आलो. बायको बदलापूरच्या आमच्या घरात गौरीच्या पावलांची रांगोळी अर्धी टाकून थांबली होती. मी काही न बोलता बाथरूममध्ये गेलो आणि बेसिनखालचं कपाट उघडलं. आमचाही कॅन तिथे होता. पाच लिटरचा, अर्धा रिकामा, लेबल नसलेला. त्याच्या शेजारी फिनाइल, त्याच्या शेजारी ब्लीचची बाटली.

"सुनंदा, हा कशाचा कॅन आहे, माहीत आहे तुला?"

"तुम्हीच आणता ना दर वर्षी," ती म्हणाली. "साबणाचं पाणी असेल मला वाटलं. वास उग्र येतो म्हणून मी थोडंच टाकते."

मी बाथरूमच्या उंबऱ्यावर बसून रडलो. बायकोला वाटलं मी वैशालीसाठी रडतोय. तेही होतंच.

दिवस झाल्यावर दिनेशच्या घरी गेलो, बदलापुरातल्या सोनिवलीला. नवी बिल्डिंग, तिसरा मजला. दिनेशने दार उघडलं, पाणी दिलं. मी आधीच ठरवलं होतं, बसायच्या आधी बोलायचं. नाहीतर हिंमत झाली नसती.

"दिनेश, त्या कॅनवर लेबल असतं तर तिनं कदाचित वाचलं असतं. लेबल मी काढलं. गेट पासवर सही माझी होती. रिपोर्टमध्ये मी तसं लिहिलंय."

तो खाली बसला. "कॅन मी मागितला साहेब. सही तुम्ही केली. ओतलं तिनं. आता यात कोणाला काय बोलू?"

मग तो उठला आणि मला बाथरूम दाखवायला घेऊन गेला. का, ते मला आधी कळेना. भिंतीवर छातीच्या उंचीपर्यंत पांढरा खरखरीत थर होता. खाली, जिथे ती बसली होती, तिथे दोन हात जागा मात्र लख्ख. नव्यासारखी.

"एवढंच झालं तिचं," तो म्हणाला.

तो थर म्हणजे क्षार. सोनिवलीसारख्या नव्या वस्त्यांत बोअरचं, टँकरचं पाणी. जड पाणी. ते टाइल्सवर वाळलं की पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतो. रोज एक पापुद्रा. दोन वर्षांत त्याचा दगड होतो आणि मग त्याला ॲसिड लागतं. म्हणजे अडचण पाण्याची नाही, पाणी वाळू देण्याची आहे. प्लांटमध्ये पाइपात क्षार साचू नये म्हणून आम्ही किती खटाटोप करायचो, आणि घरचं एवढं सोपं गणित माझ्या कधी डोक्यात आलं नाही.

मी दिनेशला तिथेच उभं राहून सांगितलं. घरात शेवटची आंघोळ ज्याची, त्याने बाहेर यायच्या आधी दोन मग पाणी मारून भिंतीवरचा साबण खाली आणायचा. वायपर वरून खाली ओढायचा, मग फरशीवरून जाळीकडे. नळ आणि शॉवर जुन्या बनियनने कोरडे पुसायचे. संडासात चमचाभर साधा लिक्विड सोप टाकून ब्रश फिरवायचा. दार उघडं ठेवायचं. सगळं मिळून पाच मिनिटं, घड्याळ लावून. जुना थर आहे त्यावर व्हिनेगरमध्ये भिजवलेलं कापड लावून ठेवायचं, घाई करायची नाही. एका वेळी एकच वस्तू, कशात काही मिसळायचं नाही. फॅनचा पुठ्ठा त्याने माझ्यासमोरच काढला आणि जाळी बसवायला माप घेतलं.

पुढचं थोडक्यात. रिपोर्ट वर गेला. मला मेमो मिळाला, तो बरोबरच होता. सणाचा कॅन बंद झाला. त्या दिवाळीला काही जण माझ्याशी बोलत नव्हते. एकाचं झालं म्हणून सगळ्यांचं बंद करायचं का, असं एकाने तोंडावर विचारलं. प्लांट हेडची दुसरीकडे बदली झाली, ते जाताना मला भेटले नाहीत. मी आणखी दोन वर्षं काढली आणि रिटायर झालो.

आता कामगारांच्या बिल्डिंगांमध्ये कोणी बोलावलं की जातो. बायकांना हॉलमध्ये बसवून लेक्चर देत नाही, ते कोणी ऐकत नाही. सरळ कोणाच्या तरी बाथरूममध्ये उभा राहतो आणि वायपर चालवून दाखवतो. एवढा मोठा सेफ्टी ऑफिसर बाथरूम पुसतो म्हणून त्या तोंडाला पदर लावून हसतात. हसू देत. मग मी बेसिनखालचं कपाट उघडायला सांगतो. दहा घरांत गेलो तर एका तरी घरात लेबल नसलेला कॅन निघतोच. तेव्हा कोणी हसत नाही.

गेल्या महिन्यात दिनेशकडे गेलो होतो. आई झोपलेली. त्याची आंघोळ झाली, आणि आतून वायपरचा आवाज आला. वरून खाली, वरून खाली. मी बाहेर बसून सवयीने घड्याळ बघितलं.

बाहेर आला तेव्हा बनियन पिळत होता. भिंती आता पार वरपर्यंत स्वच्छ होत्या. तिने घासलेली जागा कुठली, ते ओळखू येत नव्हतं.

"पाच मिनिटं लागतात साहेब," तो म्हणाला. "रोज बघतो मी. पाचच."

मला माहीत होतं. वैशाली होती तेव्हा मात्र मी हे कोणाला सांगितलं नव्हतं.