उभा राहिलेला वर्ग

राजश्री मोहिते नेमकं काय काम करते, हे तिच्या आईला अजून नीट सांगता येत नाही. शेजारणीने विचारलं की बायजाबाई ठोकून देतात, "पोरगी पाच युनिव्हर्सिट्या सांभाळते." ऐकणारीला वाटतं, बाई कुलगुरूच असणार. प्रत्यक्षात जुईनगरला झेरॉक्सच्या दुकानावरच्या मजल्यावर एक खोली आहे, आणि तिथून राजश्री पाच जुन्या विद्यापीठांचं सामायिक ऑनलाइन जाळं चालवते. एका विद्यापीठाचा प्राध्यापक शिकवतो, पाचही ठिकाणची मुलं आपापल्या घरून शिकतात आणि गुण ज्याच्या त्याच्या विद्यापीठात जमा होतात.

ऐकायला सोपं आहे. पण ही विद्यापीठं म्हणजे एका घरातल्या पाच जावा. सणाला शेजारी बसतील, चूल मात्र वेगळी. एकीची परीक्षा दिवाळीआधी तर दुसरीची नंतर, आणि तिसरीला ईमेल केला तरी मागून कागद लागतोच. राजश्री सगळ्यांचं मन राखते. मुळात ती तापट आहे, पण फोन कानाला लागला की तिच्या तोंडात साखर येते.

या वर्षी तिने पालीचा विषय सुरू करायचा घाट घातला होता. कुठल्याच एका विद्यापीठात पालीला पुरेशी मुलं नव्हती. कुठे तिघं, कुठे चौघं. पाचांची मिळून मात्र वर्गभर झाली. शिकवायला उरले होते एकटे प्राध्यापक हौसेराव डोंगरदिवे, तेही दूर मराठवाड्यात आणि निवृत्तीच्या उंबरठ्यावर. नियम कडक होता: पहिल्या आठवड्यात वर्ग भरला नाही तर विषय रद्द. शेवटच्या वर्षाच्या मुलांचे गुण कमी पडणार आणि पदवी लटकणार.

हौसेराव सरांना ऑनलाइन शिकवणं मुळीच पसंत नव्हतं. टाळेबंदीत त्यांच्या तासाला मुलं एकेक करून पसार व्हायची आणि सर शेवटी भिंतीशी बोलत बसायचे. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. राजश्रीने किती आर्जवं केली, तेव्हा कुठे ते "बघू" म्हणाले.

सोमवारी पहिला तास होता. सर पडद्यावर आले, काळा कोट घालून, केस चापून बसवलेले. आणि पुढच्याच क्षणी दिसेनासे झाले.

राजश्री सरांचीच चौकट बघत होती; तिला वाटलं, वीज गेली असेल. फोन लावला तर बंद. दुपारी त्यांचं पत्र आलं, थेट पाचही कुलसचिवांना: 'विद्यार्थ्यांना माझी गरज नाही, हे त्यांनी दाखवून दिलं आहे. मी शिकवणार नाही.' लगेच एका कुलसचिवांचा फोन आला. विषय रद्द करायचा ना, एवढंच त्यांनी विचारलं, आणि त्यांच्या आवाजात दुःख नव्हतं.

कुठे माशी शिंकली हे बघायला तिने वर्गातल्या अस्मिताला, मोरा बंदरावरच्या पोरीला, फोन केला. अस्मिताच्या वडिलांची होडी आहे. सोपाऱ्याच्या जुन्या बंदराबद्दल पालीत काय लिहिलंय ते स्वतः वाचायचं म्हणून या पोरीने विषय घेतला होता.

"काय केलंत गं तुम्ही सरांना?"

"कायपन नाय मॅडम. सर आले म्हनून आमी उभे राहिलो. 'नमस्ते सर' बोललो. बसाच्या आधी सरच गेले. आमाला वाटला, कोनतरी उशिरा उभा राहिला म्हनून रागावले."

राजश्रीने तासाचं चित्रण लावून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. सरांना पाहताच पाच जिल्ह्यांतली शहाणी मुलं शाळेपासूनच्या सवयीने ताडकन उभी राहिली होती. पडद्यावर चेहरा एकही उरला नव्हता. कुठे शर्टाची बटणं, कुठे पोट, एका चौकटीत नुसतं कॅलेंडर. आणि 'नमस्ते सर' कुणाला ऐकू जाणार? गोंगाट नको म्हणून सगळ्यांचे आवाज राजश्रीनेच बंद करून ठेवले होते. सरांना दिसलं ते एवढंच, की आपण आलो आणि सगळा वर्ग उठून गेला.

तिला हसूही आलं आणि स्वतःचा रागही आला. सरांच्या घरातल्या दुसऱ्या मोबाइलचा नंबर मिळेपर्यंत मंगळवारची संध्याकाळ झाली. फोन सत्यभामाबाईंनी, त्यांच्या पत्नीने उचलला.

"जय भीम, काकू. सर आहेत?"

"हायेत की. पण बोलंनात कुणाशी. जेवलेबी नाहीत धड."

राजश्रीने सगळं सांगितलं. काकूंनी ते आत जाऊन सांगितलं, आणि मागून सरांचा आवाज आला, "सांग त्या बाईला, सारवासारव नको म्हणावं. माझ्या डोळ्यांनी बघितलंय मी."

"काकू, व्हिडिओ लावते. फोन फक्त सरांच्या समोर धरा."

पडद्यावर सरांचा पडलेला चेहरा आला. डोळे लाल होते. समजावणीचे शब्द राजश्रीने गिळले आणि ती आपल्या खुर्चीतून सरळ उभी राहिली.

"सर, मी दिसतेय का?"

"नाही. ओढणी दिसते."

"उठून गेले का मी?"

सर पुढे झुकून त्या ओढणीकडे बघत राहिले.

"उभे राहिले होते व्हय लेकरं?" सर हळूच म्हणाले.

"सगळे, सर. आवाज मी बंद ठेवला होता. चूक माझी आहे."

काकू मागून खुदकन हसल्या. "आणि हे दोन दिस उपाशी," त्या म्हणाल्या. सरांनी डोळे पुसले आणि गुरुवारची वेळ विचारली. फोन ठेवल्यावर राजश्री टेबलावर डोकं टेकून रडली. सुटल्यासारखं वाटलं की तिला रडूच येतं, त्याला इलाज नाही.

गुरुवारी तिने मुलांना बसूनच राहायची तंबी दिली होती. सर आले. त्यांनी सगळे चेहरे डोळे भरून पाहिले आणि म्हणाले, "बाई, सगळ्यांचे आवाज चालू करा. मला ऐकू द्या."

आवाज सुरू झाले. कुणाच्या मागे कुकरची शिट्टी, कुणाकडे कोंबडा. नमस्कारही एकत्र कसला, एकेकाचा रखडत पोचत होता. सरांनी प्रत्येकाला नावाने हाक मारली. एक सोडून सगळ्यांनी ओ दिली. अस्मिताची चौकट काळी होती.

"सर, तिकडे रेंज नसते. पुढे चला," कुणीतरी म्हणालं.

"थांबू की," सर म्हणाले. "घाई कुणाला हाय?"

वीसेक माणसं थांबून राहिली. मग फटफटीच्या आवाजातून, वाऱ्यातून अस्मिता बोलली, "सर, मी हाय. जेट्टीवर आलीय, इथं रेंज हाय." उजळलेल्या चौकटीत चेहरा नव्हता, नुसती ओढणी फडफडत होती.

"बस, पोरी," हौसेराव सर म्हणाले आणि त्यांनी पहिला धडा उघडला.