तिसऱ्या नळीचा जोड

मी चौथीपर्यंत शिकलो, तेही हुबळीच्या मराठी शाळेत मार खात. पुढची चाळीस वर्षं हातात वेल्डिंगचा होल्डर. तेव्हा इथं लिहिण्यात चूक असेल तर असू दे. कामात जी चूक केली ती सांगायला बसलोय.

बायको गेली त्याला वर्ष होत आलं. दम्याची बाई होती. डॉक्टरनं कागदावर फुफ्फुसाचं काहीतरी लिहिलं, लोकांनी वय झालं म्हटलं. मी मान हलवली.

हुबळीच्या कडेला उणकलला आमचं घर आहे, मागं पत्र्याची शेड. पूर्वी चहूकडं मोकळं होतं, आता तिन्ही बाजूंनी अपार्टमेंट. शेडमध्ये माझी जुनी पेट्रोलची जीप. अळणावरकडं चिखलात जीप पळवायच्या शर्यती होतात, त्यात एकदा तरी उतरायचं हे खूळ डोक्यात होतं. इंजिनला एकाऐवजी दोन कार्बोरेटर लावायचे म्हणजे हवा आणि पेट्रोल आत नेणारा नळ्यांचा जोड नवा पाहिजे. त्याला आम्ही मॅनिफोल्ड म्हणतो. तसला बाजारात मिळत नाही, घरीच करायचा.

बायको म्हणायची, “सत्तरी उलटली. कुणाबरोबर शर्यत लावणार? यमाबरोबर?”

“त्याचा रेडा आहे. माझी जीप पुढं जाईल.”

“जावा की मग. पण मला मागं बसवू नका, कंबर दुखते.”

जाड लोखंडी पट्टी कापून तिला चार भोकं पाडली. वेल्डिंगच्या उष्णतेनं पट्टी वाकते, म्हणून भंगारातल्या इंजिनच्या हेडवर ती बोल्टनं आवळून ठेवली. आता चार वाकड्या नळ्या पाहिजेत. पाइप सारखा वाकवणं अवघड काम. आमच्या न्हाणीघरात नुकतेच प्लास्टिकचे पाइप घातले होते, जुने गॅल्वनाइजचे पाइप आणि कोपऱ्यातले वाकडे बेंड मागं पडून होते. बेंड हातात घेतला, पट्टीच्या भोकावर धरला, बरोब्बर बसला. लग्न ठरल्यासारखा आनंद झाला मला.

गॅल्वनाइजवर जस्ताचा थर असतो. तो घासून काढल्याशिवाय वेल्डिंग करायचं नाही. धूर विषारी. माझ्या हाताखाली जे शिकले त्यांना यावरून मी कानफटात मारलीय. ग्राइंडर लावलाही होता. एक बेंड निम्मा घासून झाला तोवर वरच्या मजल्यावरून शेजारी ओरडला, “अज्जार, साक माड्री!” आजोबा, बस करा म्हणून. दुपारची त्याची झोपायची वेळ. त्याच्याशी माझं आधी दोनदा भांडण झालेलं. मला राग आला. ग्राइंडर बंद केला आणि शेडचं शटर खाली ओढलं. म्हटलं, चार तर जोड आहेत, पाच मिनिटांचं काम. ठिणगीचा उजेडही त्याला दिसायला नको.

नळी धरायला कुणी तरी पाहिजे. मी बायकोला हाक मारली. ती स्वयंपाकघरातली सांडशी घेऊन आली. काळी काच एकच, ती माझ्या डोळ्यांवर. तिनं पदर नाकाला लावला, डोळे मिटले आणि तोंड भिंतीकडं वळवलं.

जस्त जळायला लागलं की पांढरा कापूस उडतो. शेवरीची म्हातारी उडावी तसा. दुसरा जोड झाल्यावर तिनं डोळे उघडून बघितलं.

“अगबाई, किती म्हाताऱ्या! मी एक घरात आहे ते पुरेना होय तुम्हाला?”

मी हसलो. शटर उघडलं नाही.

तिसऱ्या नळीला तिला खोकला आला. सांडशी हलली, नळी सरकली. मी ओरडलो, “धर की नीट! एवढंही जमेना?” तिनं दोन्ही हातांनी सांडशी धरली. खोकला आतल्या आत दाबत उभी राहिली. चौथी नळी झाल्यावरच सोडली.

आमच्यात वेल्डिंगच्या धुरावर गूळ खायची पद्धत आहे. मी तिला गुळाचा खडा दिला, स्वतः एक खाल्ला. गुळानं घसा साफ होतो असं समजतात. मीही तेच समजत होतो, किंवा समजायचं होतं मला. दिवेलागणीला ती म्हणाली, “अजून तोंड गोड गोड लागतंय.” तेव्हाच मला कळलं. ती गुळाची गोडी नव्हती, जस्ताच्या धुराची होती. थोड्या वेळानं तिला हुडहुडी भरली. मी दोन रजया घातल्या. धारवाडला मळमड्डीत मुलगी राहते, शाळेत शिकवते. तिला फोनवर सांगितलं, आईला थंडीताप आहे.

ताप दोन दिवसांत उतरला. खोकला उतरला नाही. चौथ्या आठवड्यात तिला हुबळीत दवाखान्यात घातलं. डॉक्टरनं मला खाटेजवळच विचारलं, “काही धूर, केमिकल, असलं काही नाकात गेलं का?”

मी म्हणालो, “नाही.”

का म्हणालो? मुलगी शेजारी उभी होती. आणि बायको खाटेवरून माझ्याकडं बघत होती. तोंडावर मास्क होता, बोलता येत नव्हतं. डोळे मिटले तिनं. मला वाटलं, सांगू नका म्हणतेय. आता वाटतं, तिनं नुसते डोळे मिटले असतील. दमली होती.

पाचव्या दिवशी गेली.

मॅनिफोल्ड तसाच पडून होता. गेल्या महिन्यात मुलगी रविवारी आली आणि म्हणाली, “अप्पा, जीप चालू करा. आईचा हात लागलाय त्याला. मला आवाज ऐकायचाय.” नळ्या आपण धरल्या एवढं बायकोनं तिला फोनवर सांगितलं होतं, धुराचं नाही. मला नको होतं. पण काय कारण सांगणार? आठवडाभर खपून तो बसवला. पुढच्या रविवारी ती आली तेव्हा इंजिन चालू केलं. रेस आपोआप वरखाली होत होती. म्हणजे कुठल्या तरी जोडातून हवा ओढतंय. पेट्रोल कुठं गळत नाही हे बघितलं आणि उदबत्ती पेटवली. जोडाजवळ उदबत्ती फिरवायची, जिथं फट असेल तिथं धूर आत ओढला जातो. लहानपणापासून पोरीनं हे बघितलेलं. तिनं माझ्या हातातून उदबत्ती घेतली.

पहिली नळी, दुसरी नळी, धूर सरळ. तिसऱ्या नळीला धूर सुतासारखा आत गेला.

“इथं आहे, अप्पा! इथं वेल्डिंगचा टाका नीट बसला नाही.”

“तिथं तुझी आई खोकली होती,” मी म्हणालो.

मग थांबता आलं नाही. शटर, जस्त, गूळ, सगळं सांगितलं. इंजिन चालूच होतं, म्हणून मोठ्यानं सांगावं लागलं. तिनं हात घालून चावी बंद केली.

उदबत्ती हातात तशीच धरून म्हणाली, “त्या डॉक्टरनं मला बाहेर बोलवून परत विचारलं होतं. तुमचे वडील वेल्डिंग करतात ना, नक्की काही नाही ना, म्हणून. मी त्यांना सांगितलं, आमचे अप्पा तोंडावर शिव्या देतील, पण खोटं बोलणार नाहीत.”

मी विचारलं, “तेव्हा सांगितलं असतं तर वाचली असती का?”

“मला काय माहीत, अप्पा? तुम्ही कुणाला माहीत होऊ दिलंत का?”

उदबत्ती तिनं पाण्याच्या डब्यात विझवली. चहा नको म्हणाली आणि धारवाडची बस धरली.

मॅनिफोल्ड मी काढलेला नाही. तिसरा जोड परत वेल्ड केला तर फट बुजेल, हे मला कळतं. हात जात नाही.

मुलीचा फोन आठ वाजता येतो, आधी यायचा तसाच. आईचं काढत नाही, जीपचं काढत नाही. “जेवलात का?” एवढंच विचारते. पूर्वी मी न जेवताच हो म्हणायचो, कशाला तिला घोर. परवा म्हणालो, “नाही. भात केला नाही आज.”

ती म्हणाली, “करा. मी फोन धरून बसते.”

मी उठलो आणि तांदूळ धुतले.